चौलच्या माणसांना विचारून काढलेला चीनचा नकाशा

माझं माहेर चौलचं. नारळ-पोफळीची वाडी, मधून जाणारे पाट, आणि रात्री सामसूम झाली की ऐकू येणारी समुद्राची गाज. लग्न होऊन पेणला आले आणि ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. रेशीम मार्ग दरवर्षी यायचा. फळ्याच्या डाव्या कडेला रोम, उजव्या कडेला चीन, मध्ये पिवळ्या खडूने ओढलेली वाकडीतिकडी रेघ. खाली दोन-तीन मुद्दे लिहून दिले की तास संपायचा.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने घरात बसून काढावे लागले. भाच्याने टॅबवर जुन्या प्रवाशांची वर्णनं घालून दिली होती. ती वाचता वाचता लक्षात आलं, की पश्चिमेकडच्या लोकांना चीन कसकसा कळत गेला, या गोष्टीत माझं माहेर दोनदा येतं. एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. मध्ये जवळजवळ साडेचौदाशे वर्षं. हे मी एकाही वर्गाला सांगितलेलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. ते राहून गेलेलं आज इथे सांगते.

इ.स. १५० च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टॉलेमी जगाचा नकाशा मांडायला बसला होता. स्वतः तो प्रवासाला गेलेला नाही. त्याच्यापुढे टायरच्या मारिनस या आधीच्या भूगोलकाराचं काम होतं आणि त्यातल्या चुका तो एकेक करून दुरुस्त करत होता. त्यात एक चूक सिमुल्ल नावाच्या बंदराची. मारिनसने हे बंदर सिंधू नदीच्याही पश्चिमेला टाकलं होतं. टॉलेमी म्हणतो, तसं नाही, ते सिंधूच्या मुखाच्या दक्षिणेला आहे. आणि हे मला तिथे वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्यांनी आणि तिथून आमच्याकडे आलेल्यांनी सांगितलं. वर एक बारकी नोंद करतो: तिथले लोक या गावाला तिमुल म्हणतात.

तिमुल म्हणजे चेमूल. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमूल आहे, अरबांचं सैमूर तेच, आणि आमचं चौलही तेच. ग्रीक भाषेत ‘च’ नाही, म्हणून एकाने त्याचा ‘स’ केला, दुसऱ्याने ‘त’. पण ‘तिथले लोक असं म्हणतात’ हे टॉलेमीने आवर्जून लिहिलं. गावाचं नाव गावातल्या माणसाच्या तोंडून ऐकलेल्याकडूनच अशी नोंद येते. हे वाचलं तेव्हा मी टॅब बाजूला ठेवून भावाला फोन केला.

पुढची ओळ त्याहून मोठी आहे. याच माणसांकडून टॉलेमीला हिंदुस्थानच्या पलीकडचंही कळलं: मलायाचा सोन्याचा द्वीपकल्प, तिथून पुढे कत्तिगारा हे बंदर, तिथे ‘सिनाई’ लोकांचा देश, आणि त्याच्याही पलीकडे ‘सेरेस’ लोकांचा मुलूख आणि त्यांची राजधानी. त्या राजधानीहून एक वाट मध्य आशियातल्या ‘दगडी मनोरा’ या ठाण्यावरून बॅक्ट्रियाला, म्हणजे बल्खकडे जाते आणि दुसरी पाटलिपुत्रावरून हिंदुस्थानात येते, हेही त्यांनीच सांगितलं. चौलच्या धक्क्यावर उठबस असलेल्या खलाशा-व्यापाऱ्यांना चीनच्या दोन्ही दिशांच्या वाटा ठाऊक होत्या. त्यांत काही ग्रीक असतील, काही आपल्याकडचे असतील. नाव एकाचंही टॉलेमीने लिहिलेलं नाही.

आता यातली मेख बघा. सिनाई आणि सेरेस हे दोन्ही चीनच. समुद्राने दक्षिणेकडून गेलं की भेटणारे ते सिनाई, आणि वाळवंटातून उत्तरेकडून गेलं की भेटणारे ते सेरेस. एकाच घराला पुढचं दार आणि मागचं दार असावं, आणि दोन्हींकडून येणाऱ्या पाहुण्यांची एकमेकांशी कधी गाठच पडू नये, तसं झालं. नकाशावर दोन देश उमटले आणि हा घोळ पुढे सतराव्या शतकापर्यंत टिकला. मला सांगायची आहे ती या घोळाची गोष्ट.

टॉलेमीच्या शंभरेक वर्षं आधी लाल समुद्रातून आपल्या किनाऱ्याला येणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं बंदरांचं टिपण लिहिलं होतं. भडोच, कल्याण, सिमुल्ल, सगळं त्यात आहे. शेवटी शेवटी तो म्हणतो, की या सगळ्याच्या पलीकडे ‘थीना’ नावाचं फार मोठं शहर आहे. तिथून कच्चं रेशीम, रेशमी सूत आणि कापड बॅक्ट्रियामार्गे भडोचला येतं, आणि गंगेवरून दक्षिणेलाही जातं. पण तिथे जाणं सोपं नाही, तिथून येणारेही क्वचितच. माल येतो, माणूस येत नाही. त्या काळच्या पश्चिमेला चीन असाच माहीत होता, गाठोड्याच्या रूपात.

त्याच टिपणाच्या शेवटी थीनाच्या सीमेवर वर्षातून एकदा भरणाऱ्या जत्रेचं वर्णन आहे. बुटके, रुंद चेहऱ्याचे लोक बायकापोरांसकट मोठमोठ्या पाट्या घेऊन येतात, चटया अंथरून काही दिवस मुक्काम करतात आणि चटया तिथेच टाकून परत जातात. मग त्या चटयांमधून मिळणाऱ्या पानांचे गोळे करतात: मोठ्या पानांचा एक, मध्यम पानांचा दुसरा, लहान पानांचा तिसरा. या मालाला ग्रीक लोक मालाबाथ्रम म्हणत. तो शब्द आपल्या तमालपत्रावरून आलेला आहे. रोमच्या श्रीमंतांचं अत्तर आणि आपल्या मसालेभाताचा वास एकाच कुळातल्या पानांचा. डब्यातलं पान हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. तीन शिरा, पाठीवर फिका रंग. आमच्याकडेही सुपारीची अशीच लहान-मोठी प्रतवारी अंगणात बसून करतात.

माणूस भेटत नसला की लोक कल्पना लढवतात. रोमचा प्लिनी लिहितो, की सेरेस लोक झाडांच्या पानांवरची पांढरी लव पाणी मारून विंचरून काढतात आणि तेच रेशीम. व्हर्जिलनेही तेच लिहिलं. दुसऱ्या शतकातल्या पाउसानियासला निदान एवढं कळलं होतं, की यामागे एक किडा आहे. पण त्याचं म्हणणं, त्या किड्याला चार वर्षं बाजरीसारखं धान्य घालतात, पाचव्या वर्षी बोरू खायला देतात, तो खाऊन खाऊन फुटतो आणि आत धागा सापडतो. याच प्लिनीची तक्रार मात्र अगदी आकड्यानिशी आहे: हिंदुस्थान, सेरेस आणि अरबस्तान मिळून रोमचे दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतात. पैसा किती गेला ते पक्कं ठाऊक, वस्तू कशाची बनते ते ठाऊक नाही. सहाव्या शतकात, ५५२ च्या सुमारास, काही साधूंनी रेशीमकिड्यांची अंडी कॉन्स्टंटिनोपलला सम्राट जस्टिनियनकडे पोचवली, तेव्हा कुठे तो प्रश्न सुटला.

मारिनसबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शिक्षिका म्हणून तिथे मी अडखळले. माएस टिटियानस नावाचा एक मॅसिडोनियन व्यापारी होता. तो स्वतः गेला नाही, त्याने आपली माणसं सेरेसकडे पाठवली. ती परत येऊन म्हणाली, की दगडी मनोऱ्यापासून राजधानीपर्यंत सात महिने लागतात. मारिनसने त्या सात महिन्यांचे ३६,२०० स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं माप) केले. टॉलेमी म्हणाला, व्यापारी फुशारक्या मारतात, शिवाय वाटेत वादळांनी मुक्काम पडलेले असणार. आणि त्याने आकडा सरळ निम्मा केला, १८,१००. निम्मा करूनही चीन त्याच्या नकाशावर जवळपास ५० अंश जास्तच पूर्वेला गेला. तेराशे वर्षांनी कोलंबसला स्पेनहून पश्चिमेला निघालं की चीन जवळच असणार असं वाटलं, त्यामागे हा ताणलेला आशिया होता. त्याला तर मारिनसचाच आकडा जास्त पटला होता. माएसच्या माणसांनी सांगितलेले महिने खरेच असतील. चूक झाली ती बसल्या जागी महिन्यांचं अंतर करताना. वर्गात मीही ‘अंदाजे’ म्हणून कितीतरी आकडे ठोकून दिले आहेत.

मग मोठी दरी पडते, आणि पश्चिमेची माणसं प्रत्यक्ष चालत जातात ती तेराव्या शतकात, मंगोलांच्या अमलात. आता सेरेस हे नाव मागे पडून ‘कथाय’ आलेलं असतं. खितान नावाच्या लोकांनी उत्तर चीनवर दहाव्या शतकापासून दोनशे वर्षं राज्य केलं, त्यांच्यावरून आपल्याकडच्या फारसी बोलणाऱ्यांचं खिताई, रशियनांचं किताय आणि युरोपचं कथाय. १२५३ ते १२५५ मध्ये विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन साधू मंगोलांची राजधानी काराकोरमपर्यंत जाऊन आला. चीनमध्ये तो गेलाच नाही, पण तिथले लोक त्याने नीट पाहिले. ते कुंचल्याने लिहितात आणि त्यांच्या एका आकृतीत अनेक अक्षरं मिळून एक अख्खा शब्द असतो, असं तो सांगतो. त्यांच्या कागदी नोटेचं वर्णनही करतो. आणि एका वाक्यात म्हणतो, की हे कथायचे लोक म्हणजेच पूर्वीचे सेरेस असावेत. हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं नाव आणि समोर बसलेला माणूस यांची सांगड घालणं सोपं नाही. मार्को पोलोचं नाव सगळ्यांना माहीत आहे, रुब्रुकचं नाही, याची मला हळहळ वाटते.

पोलो १२७१ ला निघाला, १२९५ ला परतला. त्याच्या वर्णनातही उत्तरेचा कथाय आणि दक्षिणेचा मांझी असे दोन भाग आहेतच. पुढे १३४० च्या सुमारास फ्लोरेन्सच्या पेगोलोत्तीने व्यापाऱ्यांसाठी टिपण लिहिलं, त्यात अझोव्ह समुद्रावरच्या ताना बंदरापासून कथायपर्यंतच्या मजला दिल्या आहेत. दाढी वाढवा, चांगला दुभाषा घ्या, चांदी बरोबर ठेवा, तिकडे ती घेऊन कागदी पैसे देतात, वाट दिवसा-रात्री सुरक्षित आहे. अगदी घरातल्या वडीलधाऱ्याने मुंबईला निघालेल्या पोराला सांगावं तसं.

आपलं ठाणंही यात आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू चीनला जाण्याच्या वाटेवर ठाण्यात उतरले आणि तिथे मारले गेले. मागून आलेल्या ओदोरिकने त्यांच्या अस्थी घेतल्या आणि समुद्रमार्गे थेट झैतूनला, म्हणजे चीनच्या च्वानचौ बंदरात नेल्या. ठाण्याच्या खाडीपासून च्वानचौपर्यंत हाडांची पोटली सांभाळत गेलेला माणूस. मी ठाण्याला कितीदा गेले असेन, हे कुणी कधी बोललं नव्हतं.

१३६८ मध्ये चीनमधून मंगोलांची सत्ता गेली आणि युरोपकडून जाणारी वाट बंद झाली. कथाय हा शब्द मात्र राहिला, माणसं नसलेला. त्यानंतर शंभर वर्षांनी आमच्याच चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन लिहितो, की चीनच्या बंदरात चिनी मातीची भांडी वजनावर विकतात आणि स्वस्त विकतात. आणि चीनहून कितायला जमिनीने सहा महिने लागतात, समुद्राने चार दिवस. परत तेच! चीन वेगळा, किताय वेगळा.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज समुद्राने चीनला पोचले, १५५७ च्या सुमाराला त्यांनी मकावला बस्तान बसवलं. त्यांना भेटला तो ‘चीन’. मग पोलोचा कथाय कुठे? तो आणखी उत्तरेला कुठेतरी असणार, अशी सगळ्यांची समजूत. गोव्यात चार वर्षं काढून चीनला गेलेला मात्तेओ रिच्ची हा जेझुइट संघाचा इटालियन पाद्री १६०१ मध्ये पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला पोचला. तिथे मध्य आशियातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांशी बोलल्यावर त्याची खात्री झाली, की कथाय हाच आणि पोलोने वर्णन केलेली राजधानी खानबालिक म्हणजे हेच पेकिंग. त्याने तसं गोव्याला कळवलं. गोव्यात कुणाला पटेना, कारण अकबराच्या दरबारी असलेल्या पाद्र्यांना लाहोरात एका व्यापाऱ्याने सांगितलं होतं, की कथायमध्ये पुष्कळ ख्रिस्ती आहेत. रिच्चीला तर चीनमध्ये तसे दिसत नव्हते. म्हणजे देश दोन असणार.

शेवटी ठरलं, की कुणीतरी चालत जाऊन बघून यावं. निवड झाली बेन्तो द गोइशची. अझोर्स बेटांवर जन्मलेला, आधी सैनिक, मग जेझुइटांचा साधा बंधू, फारसी बोलणारा. १६०२ मध्ये तो आग्र्याहून निघाला. अंगावर आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष, वाढवलेले केस, नाव अब्दुल्ला इसाई. १६०३ मध्ये लाहोरहून पाचशे माणसांच्या काफिल्याबरोबर काबूलकडे गेला. बरोबर निघालेल्या दोघा ग्रीकांनी वाटेतच साथ सोडली. शेवटपर्यंत राहिला तो इसाक, लाहोरात बायकामुलं ठेवून निघालेला एक आर्मेनियन.

या दोघांची वाट मी नकाशावर बोटाने कितीतरी वेळा चालले आहे. काबूल, बदख्शान, पामीर. पामीरात थंडीने घोडे मेले. पुढे एका मोठ्या नदीच्या काठावरून इसाक पाण्यात पडला आणि आठ तास मेल्यासारखा पडून होता. गोइशने ऊब देत, चोळत त्याला परत आणलं असेल असं मी मनाशी चित्र रंगवते. वर्णनात एवढंच आहे, की त्याच्या खटपटीने तो शुद्धीवर आला. यारकंदमध्ये पुढच्या काफिल्याची वाट बघत वर्ष गेलं. तिथून नोव्हेंबर १६०४ मध्ये निघून अक्सू, कुचा, आणि मग चालिश, म्हणजे आजचं काराशहर.

चालिशमध्ये जे घडलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. पेकिंगहून परतणारे मुसलमान व्यापारी तिथे भेटले. गोइशने विचारलं, तर ते रिच्चीला ओळखत होते, एकाच सराईत राहिले होते! आणि त्यांनी एक कागदाचा कपटा काढून दाखवला. सराईतल्या केरात सापडलेला, त्यावर पोर्तुगीज अक्षरं. गावी गेल्यावर लोकांना दाखवायला म्हणून त्यांनी तो जपून आणला होता. वाळवंटाच्या कडेला, स्वतःच्या भाषेतला तो कपटा हातात आला आणि दीड हजार वर्षांचा घोळ मिटला. सेरेस, सिनाई, कथाय, चीन: सगळं एकच. ना राजाचं फर्मान, ना विद्वानाचा ग्रंथ, केरातला कागद.

१६०५ संपता संपता दोघं चीनच्या भिंतीतून आत येऊन सुचौला पोचले. हे रेशमासाठी प्रसिद्ध असलेलं सुचौ नव्हे, कान्सू प्रांतातलं, आजचं जिउक्वान. पुढे जायला परवानगी मिळेना. रिच्चीला लिहिलेलं पत्र पोचेना, कारण पत्ता चिनी अक्षरांत लिहायचा कसा ते गोइशला माहीत नव्हतं. दुसरं पत्र नोव्हेंबर १६०६ मध्ये पोचलं. रिच्चीने फर्नांडिस नावाच्या चिनी ख्रिस्ती तरुणाला पाठवलं. तो मार्चअखेर पोचला तेव्हा गोइश अंथरुणाला खिळला होता. फर्नांडिसने त्याला पोर्तुगीजमधून हाक मारली. कित्येक वर्षांनी ऐकलेली ती भाषा. अकरा दिवसांनी, ११ एप्रिल १६०७ ला, गोइश गेला.

त्याने वाटेत रोजनिशी ठेवली होती. काफिल्यातल्या सोबत्यांनी ती फाडली, कारण कुणी किती उसने घेतले तेही तिच्यात होतं. हे वाचून मला आजोबांची खतावणी आठवली. ते सुपारीचा व्यापार करायचे. ते गेल्यावर तेराव्याच्या आतच एक जण घरी येऊन म्हणाला होता, ‘वैनी, आबांची ती लाल वही जरा बघायला देता?’ आजीने दिली नाही. ती वही अजून भावाकडे आहे, त्यात सुपारीच्या भावाबरोबर १९४८ च्या वादळात किती माड पडले तेही आहे. गोइशच्या वहीत वाळवंटातल्या विहिरी असतील, मजला असतील, उंटांचे भाव असतील. ते सगळं कुणाच्या तरी थकबाकीपायी गेलं.

उरले फक्त काही कपटे आणि इसाकची आठवण. फर्नांडिसला फारसी येत नव्हती, इसाकला ना चिनी येत होती ना पोर्तुगीज. फर्नांडिस हळूहळू थोडी फारसी शिकला. दोघं ऑक्टोबरात पेकिंगला पोचले. तिथे महिनाभर इसाक बोलत राहिला आणि रिच्ची लिहून घेत राहिला. आज आपल्याला गोइशचा प्रवास ठाऊक आहे तो या बोलण्यामुळे.

मग इसाक मकावहून जहाजाने परत निघाला. सिंगापूरजवळ डचांनी जहाज पकडलं. त्याची हकिकत ऐकून डच कप्तानाने ती लिहून घेतली म्हणतात. मलाक्क्याच्या पोर्तुगिजांनी त्याला सोडवलं, तो हिंदुस्थानात आला, आणि त्याला कळलं, की बायको गेली. मग तो मोगलांच्या मुलखात गेलाच नाही. रिच्चीचं लेखन १६१५ मध्ये छापून आलं, त्यातल्या या कथेच्या शेवटी लिहिलं आहे, की इसाक चौलला राहिला आणि हे लिहितेवेळी तो तिथे आहे.

चौलला! मी ते वाक्य तीनदा वाचलं. पोर्तुगिजांचं चौल म्हणजे आजचं रेवदंडा. ज्या कोटातून आम्ही लहानपणी शहाळी घेऊन पळत जायचो, त्याच्या आत हा माणूस उरलेले दिवस काढत होता. टॉलेमीला ज्या गावच्या लोकांनी चीनच्या दोन वाटा सांगितल्या, त्याच गावी दोन्ही वाटांनी चीन बघून आलेला माणूस येऊन थांबला: जाताना वाळवंटातून, येताना समुद्राने.

गुडघा बरा झाल्यावर मी तीनदा रेवदंड्याला जाऊन आले. तटबंदी, सातखणी मनोरा, पडक्या चर्चच्या भिंती, त्यांत वाढलेले माड, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले काही दगड. निकितिनचं स्मारक रेवदंड्यात आहे, आणि ते आहे याचा मला आनंद आहे. इसाकचं काही नाही. वाड्यांमधल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारलं. एक आजोबा म्हणाले, ‘बाय, नाव नाही ऐकलं, पण समुद्राकडची ती घरं परदेशी व्यापाऱ्यांची होती असं आमचा बापूस सांगायचा.’ खाडीच्या तोंडाशी, समोर कोर्लई दिसतं तिथे, मी तासभर बसले. गोव्याहून आलेलं गलबत याच तोंडातून आत आलं असणार. लाहोरची मुलं पुढे कधी भेटायला आली असतील का, हा विचार काही केल्या जात नव्हता.

येत्या ११ एप्रिलला भावाच्या नातवंडांना आणि त्यांच्या शाळेतल्या आठ-दहा मुलांना घेऊन मी कोटात जाणार आहे. यावेळी फळा नाही. काबूलपासून सुचौपर्यंतची वाट वाळूत काठीने काढायची आणि पेकिंगहून मकाव, मलाक्का, गोवा करत परत आमच्या खाडीत आणायची, असं ठरवलंय. कुणाला यायचं असेल तर जरूर या. सकाळी साडेसहाला दरवाजाशी भेटू, नंतर ऊन फार होतं. पाणी आणि टोपी बरोबर असू द्या.